रात्री आठनंतर गोल का फिरतं?

प्रश्न : आमचं गाव पाटोदा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. गावात फायबर येऊन वर्ष झालं. आमचा 50 एमबीपीएसचा प्लॅन आहे. दुपारी व्हिडिओ चांगला चालतो, पण रात्री आठ वाजले की गोल फिरायला लागतं. वडील टीव्हीवर यूट्यूबला लाइव्ह कीर्तन बघतात, ते ऐन रंगात आलं की थांबतं. मुलगी बारावीला आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे तास मोबाइलवर बघते. तिचंही रात्री अडकतं, आणि मोबाइलच्या डेटावर तर जास्तच. केबलवाले म्हणतात 100 चा प्लॅन घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, पाटोदा तालुका

उत्तर : अजून घेऊ नका. दुपारी व्हिडिओ चांगला चालतो असं तुम्हीच लिहिलंय, आणि तुमचा प्लॅन दुपारी 50 चा असतो तसा रात्रीही 50 चाच असतो. रात्री बदलतं ते दुसरंच काहीतरी. ते शोधल्याशिवाय 100 चे पैसे भरले तर बिल वाढेल आणि गोल फिरायचं ते फिरतच राहील.

आधी गरज किती ते बघू. यूट्यूबने दिलेल्या आकड्यांप्रमाणे 480पी व्हिडिओला सेकंदाला साधारण 1.1 मेगाबिट लागतात, 720पीला 2.5, 1080पीला 5 आणि 4के असेल तर 20. नेटफ्लिक्सही 1080पीसाठी 5 च सांगतं. तुमच्या घरी वडिलांचं कीर्तन 1080 मध्ये, मुलीचा तास 720 मध्ये आणि आणखी कुणी फोनवर रील्स बघत असेल, तरी सगळं मिळून दहा-बाराच्या वर जात नाही. 50 मध्ये हे चार वेळा मावेल. केंद्र सरकारने 25 जानेवारी 2023 ला ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेला. त्या किमान वेगातही 480पीचा तास न अडकता चालायला हवा. तेव्हा कागदावरचे 50 पुरेसे आहेत. रात्री नऊ वाजता त्यातले टीव्हीपर्यंत किती पोचतात, हा खरा प्रश्न आहे.

व्हिडिओ नेटवरून येतो कसा हे एकदा समजलं की पुढचं शोधकाम सोपं होतं. 1080पीचं एक चित्र म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट आणि सेकंदाला 25 चित्रं धरली, तर जसंच्या तसं पाठवायला सेकंदाला सुमारे 124 कोटी बिट लागतील. ते दाबून 50 लाखांच्या आसपास आणतात. महाराजांच्या मागचा पडदा, मागे उभ्या टाळकऱ्यांचे पांढरे सदरे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात फारसे बदलत नाहीत, म्हणून ते पुन्हा पाठवत नाहीत. बदललं तेवढंच पाठवतात. मग या दाबलेल्या व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा 144पीपासून 1080पीपर्यंत वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतात. ॲपलने 2009 मध्ये आपली अशी पद्धत आणली आणि 2012 मध्ये याच कल्पनेवरचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपला फोन किंवा टीव्ही एकेक तुकडा मागवतो, तो किती वेगाने आला ते बघतो आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. त्यामुळे दर्जा 'ऑटो'वर असेल तर नेट मंदावल्यावर चित्र आधी पुसट होतं, थांबतं ते अगदी शेवटी. कुणी दर्जा 1080 वर पक्का करून ठेवला असेल, तर पुसट व्हायला वावच राहत नाही आणि थेट गोल फिरतं. वडिलांच्या टीव्हीवर हे सगळ्यात आधी तपासा. फुकट आहे आणि एका मिनिटात होतं.

आलेले तुकडे लगेच दाखवून संपत नाहीत, पुढचे काही सेकंद साठवून ठेवले जातात. यालाच बफर म्हणतात. बीड शहरात नळाला रोज पाणी येत नाही, पण टाकी असली की घरात रोज पाणी असतं. बफर ही तशी टाकी आहे. नळाची धार थोडा वेळ बारीक झाली तर बघणाऱ्याला कळतही नाही, टाकी कोरडी पडली की मात्र गोल फिरायला लागतं.

ही टाकी डोळ्यांनी बघता येते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. कॉम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. टीव्हीच्या ॲपमध्येही व्हिडिओच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, फोनवर तो आधी ॲपच्या सेटिंगमधून सुरू करावा लागतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांची चौकट येईल. त्यात 'बफर हेल्थ'समोर सेकंदांचा आकडा असतो. साधा व्हिडिओ असेल तर तो वीस-तीस किंवा त्याहून वर असायला हवा. थोडा खाली येईल, पुन्हा उसळी मारेल, हे ठीक आहे. पण बारा, नऊ, पाच, दोन असा उतरतच गेला, तर नेटचा पुरवठा खर्चापेक्षा कमी आहे. त्याच चौकटीत 'ड्रॉप्ड फ्रेम्स' असतं. बफरचा आकडा भरपूर आहे, आवाज अखंड चालू आहे, पण चित्र झटके देतंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्स भराभर वाढताहेत, तर नेट निर्दोष आहे. तुमचा जुना टीव्ही किंवा फोन थकलाय. नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसते. तिथे दर्जा एक पायरी खाली आणणं हाच उपाय, आणि 100 चा प्लॅन घेऊन काडीचा फरक पडणार नाही.

आता रात्री नऊला, जेव्हा खरोखर अडकतं तेव्हाच, मोजायला बसा. फोन वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा बंद करा, राउटरच्या शेजारी उभं राहून फास्ट डॉट कॉम उघडा. मग टीव्हीच्या खोलीत जाऊन तेच करा. फास्ट डॉट कॉम मुद्दाम सांगतोय. ते नेटफ्लिक्सचं आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजतं. इतर काही चाचण्यांमध्ये मोजणारा सर्व्हर तुमच्या पुरवठादाराच्याच घरात असतो. तिथपर्यंत 50 दिसतील, पण व्हिडिओ बऱ्याचदा त्याच्याही पलीकडून यायचा असतो.

राउटरजवळ 40-45 आणि आतल्या खोलीत 4 असं निघालं, तर दोष भिंतींचा. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाड. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण वायफायला दोन भिंतींतच गारद करतात. फायबरवाल्याने वायर जिथे सोपी पडली तिथे, म्हणजे बाहेरच्या खोलीत, राउटर ठोकलेला असतो, आणि वडिलांचा टीव्ही माजघरात. बहुतेक राउटर दोन वायफाय देतात. एक 2.4 गिगाहर्ट्झचं, दुसरं 5 चं. ज्याच्या नावापुढे '5जी' लिहिलेलं असतं ते हे दुसरं. मोबाइलच्या 5जीशी त्याचा काही संबंध नाही. ते वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतं. 2.4 वालं लांब जातं, पण हळू, आणि शेजारच्या दहा घरांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर 5 वर जोडा, नाहीतर 2.4 वर. राउटर लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे किंवा फडताळात नको. छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर हवा.

तरीही भिंत आडवी येत असेल तर मी एकच उपाय सांगेन, आणि तो जुनाच आहे: लॅन केबल. राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढा. शंभर मीटरपर्यंत ती चालते, बाजारात मीटरवर मिळते, काहीशे रुपयांत काम होतं आणि पुन्हा वायफायचं नाव काढावं लागत नाही. टीव्हीला लॅनचं भोक नसेल तर आतल्या खोलीत दुसरा साधा राउटर त्या वायरला जोडून ठेवा. भिंतींवर वायर दिसते म्हणून लोक हे टाळतात आणि दर महिन्याला मोठ्या प्लॅनचे पैसे भरत राहतात. हे मला पटत नाही.

राउटरजवळसुद्धा दिवस-रात्र वेग कमीच येत असेल, तर फायबरच्या डब्याकडे बघा. 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. तो लाल नसूनही वेग कमी असेल तर वायर कुठे खिळ्याभोवती, दाराच्या फटीत काटकोनात वळली आहे का ते तपासा. काचेचा धागा असा मोडला की त्यातला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. लाइनमन आला की त्याला डब्यावर पोचणारी 'पॉवर' मोजून दाखवायला सांगा. वजा वीसच्या आसपास असेल तर उत्तम. वजा 27 च्या पलीकडे गेली की डबा कसाबसा तग धरतो. गावात वायर खांबावरून लोंबत गेलेली असते. ऊस भरलेल्या उंच ट्रॉल्या तिच्याखालून जातात, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात जमिनीखालच्या केबलला लागतो. अशा जागी घाईत मारलेले जोड पुढे कायमचे त्रास देतात.

पण तुमचं लक्षण तिसरंच आहे: दुपारी ठीक, रात्री वाईट. राउटरजवळही रात्री नऊला 6 आणि सकाळी सहाला 48 आले, तर पुरवठादाराची वरची वाट तुंबली आहे हे पक्कं समजा. समजा गावात त्यांची 300 कनेक्शनं आहेत आणि त्यांनी वरून 500 एमबीपीएसची वाट घेतली आहे. दुपारी लोक शेतात असतात, कुणाला अडचण येत नाही. रात्री जेवणं झाल्यावर 100 घरांनी 1080पी लावलं की 500 संपले. 101 व्या घराला वाट नाही. आता विचार करा, तुम्ही 100 चा प्लॅन घेतला तर काय बदलेल? तुमच्या घरापुढचा रस्ता रुंद होईल, गावाबाहेरचा तेवढाच अरुंद राहील. अशा वेळी सकाळचे आणि रात्रीचे आकडे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आठवडाभराचे. ते केबलवाल्यांपुढे ठेवा आणि वरची वाट किती घेतली आहे ते विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मोठ्या कंपनीचा सर्व्हरच बंद पडलाय, ही शंका लोक सगळ्यात आधी घेतात, आणि ती बहुधा चुकीची असते. 19 नोव्हेंबर 2023 ला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी जण बघत होते. त्या यंत्रणेला आपल्या तालुक्याचं ओझं वाटत नाही. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती या कंपन्या मोठ्या शहरांतल्या आणि पुरवठादारांकडच्या सर्व्हरवर आधीच आणून ठेवतात, म्हणून व्हिडिओ अमेरिकेहून नव्हे, बऱ्याचदा मुंबई-पुण्याकडूनच येतो. अडतं ते तिथून तुमच्या घरापर्यंतच्या वाटेत.

आता मुलीचा मोबाइल. इथे टॉवरला दोष देण्याआधी तिचा दिवसाचा डेटा तपासा. तिचा प्लॅन रोज 1.5 जीबीचा असेल तर हिशेब असा: 720पी म्हणजे सेकंदाला 2.5 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला सव्वाअकराशे मेगाबाइट. दीड जीबी दीड तासाच्या आत संपते. त्यानंतर नेट बंद होत नाही, बहुतेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. मेसेज जातात, म्हणून नेट चालू आहे असं वाटतं, पण 144पीसुद्धा त्यात मावत नाही. सकाळी तास, दुपारी तास, आणि रात्री 'रेंज गेली'. 480पीवर ठेवलं तर तोच डेटा तीन तास पुरतो. फळ्यावरचे आकडे 480 मध्ये वाचता येत नसतील तर तेवढ्यापुरतं 720 करावं, नुसतं बोलणं चालू असेल तेव्हा 360ही पुरतं. याहून चांगला मार्ग म्हणजे पहाटे गर्दी नसताना घरच्या वायफायवर दिवसभराचे तास ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवणं. अभ्यासाच्या बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते. बारावीच्या मुलीची रात्र गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघण्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डेटा शिल्लक असूनही अडकत असेल तर मग टॉवर. पाटोदा, आष्टी, शिरूर कासारचा पट्टा बालाघाटच्या डोंगरांचा. डोंगराआड लहरी पोचत नाहीत, आणि जितकी वारंवारता जास्त तितकं हे जास्त जाणवतं. 2300 मेगाहर्ट्झची 4जी वेगवान पण लवकर अडखळते, 850 ची हळू पण दूर जाते. शिवाय खेड्यातले कितीतरी टॉवर फायबरने जोडलेले नसतात. एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेले असतात. फोनवर चार काड्या दिसतात त्या तुमच्या आणि टॉवरच्या मधल्या. टॉवरच्या मागची वाट किती रुंद आहे ते त्या काड्या सांगत नाहीत. म्हणून 'फुल रेंज आहे पण नेट नाही' हे वाक्य आपल्याकडे इतकं ऐकू येतं, आणि ते खरं असतं. दर्जा उतरवल्याने किती फरक पडतो याचा मोठा दाखला लॉकडाउनचा आहे. 24 मार्च 2020 ला भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं की 14 एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर 480पीच्या वर दाखवायचं नाही. कोट्यवधी लोक घरात बसलेले असताना जाळ्यावरचा भार कमी करायला तेच पाऊल उचललं गेलं.

वडिलांच्या कीर्तनाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते लाइव्ह असतं. पुढचे शब्द महाराजांनी अजून उच्चारलेलेच नसतात, मग साठवायचे कुठून? टाकी काही सेकंदांचीच राहते आणि पुरवठा जरा हलला की कोरडी पडते. यावर एक साधी युक्ती आहे. लाइव्ह चालू असताना खालची पट्टी दोन-तीन मिनिटं मागे ओढा आणि तिथून बघा. आता पुढची दोन-तीन मिनिटं सर्व्हरवर तयार आहेत, टाकी भरायला माल मिळतो. वडिलांना दोन मिनिटांचा उशीर जाणवणारही नाही. बहुतेक चॅनेलवर पट्टी मागे ओढता येते. कधी दोष मुळाशीही असतो. सप्ताहाच्या मंडपातून कुणीतरी मोबाइलच्या नेटवरच लाइव्ह करत असतं. दसऱ्याला सावरगाव घाटला किंवा नारायणगडावर मेळावा असतो तेव्हा हजारो फोन एका-दोन टॉवरला लटकलेले असतात, आणि तिथून वर चढणारा व्हिडिओच तुटका असतो. हे ओळखायला लाइव्हच्या शेजारच्या प्रतिक्रिया वाचा. पुण्यातले, मुंबईतलेही 'आवाज येत नाही माउली' असं लिहीत असतील तर तुमच्या घरात काही शोधू नका.

आणि एक कारण घरात शोधून सापडणारच नाही. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस जिल्ह्यात जाळपोळ झाली तेव्हा, आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 मध्ये, बीडमध्ये प्रशासनाच्या आदेशाने इंटरनेट बंद ठेवलं होतं. अशा दिवशी राउटर चालू-बंद करत बसू नका.

प्रश्न : माझे आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेत. मी आजीजवळ राहून शिकते. रात्री व्हिडिओ कॉल केला की आईचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो. पण त्याच कोपीतून, त्याच फोनवर बाबांचं यूट्यूब चालतं. असं का?
— एक विद्यार्थिनी, धारूर तालुका

उत्तर : बाळ, यूट्यूबला नेट फक्त खाली यावं लागतं. व्हिडिओ कॉलमध्ये आईचा चेहरा त्यांच्या फोनवरून वर टॉवरकडे जावा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. टॉवर कितीतरी वॅटच्या ताकदीने बोलतो, फोनची ताकद पाव वॅटही नाही. त्यामुळे फडाच्या कडेला टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, पण फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचता पोचता विरतं. शिवाय कॉलला टाकी नसते. समोरासमोर बोलायचं तर अर्ध्या सेकंदाचाही उशीर खपत नाही, म्हणून उशिरा आलेला तुकडा टाकूनच दिला जातो. तो टाकला की चेहरा थिजतो.

आईला सांग, कोपीतून बाहेर यायचं. आजूबाजूला उभा हिरवा ऊस असेल तर त्याच्या पानांतलं पाणी लहरी शोषतं, म्हणून तोड झालेल्या मोकळ्या रानात किंवा बांधावर उभं राहायचं. बैलगाडीवर, ट्रॉलीवर उभं राहून उंची मिळाली तर आणखी बरं, पण उभ्या असलेल्याच, चालू नव्हे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' असा पर्याय आहे, तो दोन्ही फोनवर चालू करा. चेहरा थिजायला लागला की कॅमेरा बंद कर. नुसता आवाज व्हिडिओच्या फार थोड्या भागात जातो. आणि तुला तिला काही दाखवायचंच असेल, वहीतलं, घरातलं, तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठव. तो हळूहळू का होईना पूर्ण पोचतो, आणि तिला रात्री निवांत, हवा तितक्या वेळा बघता येतो. ऑक्टोबर ते मार्च तुमच्यासारख्या किती घरांची सगळी माया या एका फोनवर चालते, हे टॉवर कुठे उभारायचे ते ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. ज्या गावी मजुरांचे अड्डे दरवर्षी ठरलेले असतात, तिथे हंगामापुरती तरी जादा सोय करणं अवघड नाही.

प्रश्न : माझ्या फोनवर गोल फिरत नाही, पण चित्रपट नेहमी पुसट दिसतो. नेट उत्तम आहे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दोन गोष्टी बघा. पहिली, तुमचं सदस्यत्व. नेटफ्लिक्सचा 149 रुपयांचा मोबाइल प्लॅन 480पीपर्यंतच दाखवतो, नेट कितीही असलं तरी. दुसरी, फोन. चोरी टाळण्यासाठी या कंपन्या वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात. त्याची एल1 पातळी असलेल्या फोनलाच उंच दर्जा देतात. एल3 असेल तर बहुतेक सशुल्क ॲप 480पीवरच थांबतात. फोन घेतानाच हे विचारायला हवं, नंतर ते बहुधा दुरुस्त करता येत नाही. यूट्यूबला हे कुलूप सहसा आड येत नाही, म्हणून यूट्यूब स्वच्छ आणि चित्रपट पुसट असं दिसत असेल तर कारण या दोहोंपैकीच एक.

प्रश्न : मोबाइलची रेंज वाढवणारं बूस्टर मशीन ऑनलाइन मिळतं. घराच्या पत्र्यावर लावलं तर चालेल का?
— एक वाचक, गेवराई तालुका

उत्तर : लावू नका. परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं भारतात बेकायदा आहे, यंत्र जप्त होऊन कारवाई होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी ही यंत्रं टॉवरकडे नुसता गोंगाट फेकतात, आणि तुमच्या घरात एक काडी वाढवताना अख्ख्या गल्लीचं नेट बिघडवतात. वायफायचा एक्स्टेंडर वेगळा. तो राउटरचा वायफाय पुढे नेतो, आणि तो कायदेशीर आहे.

रेंजच नसेल किंवा वेग रोज पडत असेल तर तक्रारीचा मार्ग धरा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमावलीप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करायचा. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक द्यावाच लागतो. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तो बीडलाच बसतो. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे तुमच्या हातात तारखेनिशी वेगाचे स्क्रीनशॉट आणि तक्रारीचे क्रमांक असायला हवेत. तेव्हा तक्रार केंद्राला फोन कराल तेव्हा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.